दुसरा रस्ता बंद करताना

(नभोवाणीवरील भाषण)

रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात. एखाद्या पतपेढीचा, महाविद्यालयाचा किंवा छापखान्याचा लिनक्सवर चालणारा सर्व्हर दिवसभराच्या कामातून मोकळा झालेला असतो, आणि त्याची देखभाल करणारा व्यवस्थापक त्यावर नव्या सुधारणा चढवायला बसतो. तो हुकूम देतो. पडद्यावर दोन ओळी उमटतात आणि पुढची अक्षरे थबकतात. एक मिनिट जाते, दोन मिनिटे जातात. यंत्र बंद पडले म्हणावे तर तसेही नाही. मग एकाएकी काम सुरू होते, आणि पुढच्या पायरीला पुन्हा तोच अनुभव. दहा मिनिटांच्या कामाला अशा रीतीने रात्र पुरत नाही. शेवटी तो एखाद्या जाणत्या सहकाऱ्याला दूरध्वनी करतो आणि पलीकडून उत्तर येते, "अहो, ती आयपीची सहावी आवृत्ती बंद करून टाका, म्हणजे झाले!" एका फाइलीत एक ओळ लिहिली जाते, सारा विलंब क्षणात नाहीसा होतो, आणि व्यवस्थापक समाधानाने घरी जातो.

असा प्रसंग ज्याच्यावर आला नाही असा सर्व्हरचा व्यवस्थापक विरळाच. गुण आला हे खरे. परंतु रोग कोणता होता आणि औषध कशावर लागू पडले, याची चौकशी सहसा होत नाही. ती करण्यासारखी आहे, कारण त्या एका ओळीचे परिणाम त्या रात्रीपुरते राहत नाहीत.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. १९८१ च्या सप्टेंबरात जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेल्या नियमपत्रात हा पत्ता बत्तीस द्विमान अंकांचा ठरवण्यात आला. हीच आयपीची चौथी आवृत्ती. बत्तीस अंकांतून ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ एवढेच पत्ते निघतात. त्या काळी नेटवर्कला जोडलेला संगणक म्हणजे मुख्यतः विद्यापीठे आणि लष्करी संस्था यांच्या कोठ्यांतून ठेवण्याची वस्तू होती. तेव्हा हा आकडा कोणाला अपुरा वाटला नाही, यात नवल नाही. पुढे प्रत्येक खिशात एक संगणक येईल हे त्या वेळी कोणाच्या ध्यानी असणार?

१९९५ च्या डिसेंबरात सहाव्या आवृत्तीचे पहिले नियमपत्र निघाले, १९९८ मध्ये ते सुधारण्यात आले आणि २०१७ च्या जुलैत त्याला पूर्ण मानकाचा दर्जा मिळाला. (मधली पाचवी कोठे गेली, हा प्रश्न हमखास विचारला जातो. पाचवा क्रमांक ध्वनी व चित्रे यांच्या अखंड प्रवाहासाठी केलेल्या एका प्रायोगिक योजनेला पूर्वीच देऊन झाला होता. ती योजना मागे पडली आणि क्रमांक तेवढा वाया गेला.) सहाव्या आवृत्तीचा पत्ता एकशे अठ्ठावीस अंकांचा आहे. त्यातून निघणारी संख्या लिहायची तर ३४० वर आणखी छत्तीस शून्ये मांडावी लागतात. तिची कल्पना करण्याच्या भरीस न पडलेले बरे. इकडे जुन्या पत्त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागाची नोंदणीसंस्था आपल्या अखेरच्या राखीव गठ्ठ्यावर येऊन ठेपली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. सहावी आवृत्ती ही चौथीची वाढवलेली प्रत नव्हे. या दोन निराळ्या बोली आहेत आणि एकीचे पाकीट दुसरीला वाचता येत नाही. म्हणून दोन्हींना शेजारी शेजारी नांदवणे एवढाच मार्ग उरला. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, सहाव्या आवृत्तीची पहिली संहिता १९९६ च्या नोव्हेंबरात पेद्रो रोक यांनी घातली. आजचे प्रत्येक प्रचलित लिनक्स ही बोली शिकूनच सर्व्हरवर येते. नेटवर्कचे कार्ड जागे होताच कर्नेल त्याला शेजारपाजारापुरता एक सहावा पत्ता स्वतःच देऊन टाकतो. सर्व्हरवर दुसरा रस्ता असा न मागता तयार झालेला असतो.

आता त्या रात्रीच्या विलंबाकडे वळावे. सर्व्हरला एखाद्या भांडाराकडून फाइल आणावयाची असली म्हणजे तो प्रथम त्या भांडाराच्या नावावरून पत्ता विचारतो. उत्तरी अनेकदा दोन्ही पत्ते येतात, चौथ्या आवृत्तीचा एक आणि सहाव्याचा एक. आधी कोणाकडे जावे याचेही नियम ठरलेले आहेत, आणि आपल्यापाशी बाहेरच्या जगात चालेल असा सहावा पत्ता असेल, तर सामान्यतः सहाव्याला पहिला मान मिळतो. सर्व्हर त्या रस्त्याने हाक घालतो. उत्तर न आल्यास थोडा थांबून पुन्हा घालतो. थांबण्याचा अवधी हळूहळू वाढत जातो, आणि लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत पहिल्या हाकेनंतर अशा अनेक हाका होतात. त्या सर्व फुकट गेल्यावर दोन मिनिटांहून थोडा अधिक काळ लोटलेला असतो. मग तो निराश होऊन चौथ्या आवृत्तीच्या रस्त्याला लागतो आणि काम पहिल्याच हाकेला होते. पडद्यावरची अक्षरे दोन मिनिटे थबकतात ती या हाकांपायी.

यातील मर्म असे की, सहावा रस्ता मुळीच नसता तर हा विलंब झाला नसता. ज्या सर्व्हरपाशी फक्त शेजारापुरता सहावा पत्ता आहे आणि बाहेर जाणारी वाट नाही, तेथे कर्नेल तत्काळ "वाट नाही" असे सांगतो आणि कार्यक्रम डोळ्याचे पाते लवण्याच्या आत चौथ्या रस्त्याकडे वळतो. घात होतो तो अर्धवट रस्त्याने. फाट्यावर पाटी आहे, डांबर ताजे आहे, पण चार कोसांवरचा पूल वाहून गेलेला आहे आणि ते पाटीवर कोणी लिहिलेले नाही, अशा वाटसरूची जी गत, तीच या पाकिटांची. कार्यालयातील राउटर "माझ्याकडून सहाव्याची वाट आहे" अशी दवंडी नेटवर्कभर पिटत राहतो, सर्व्हर त्यावर विश्वासून पत्ता घेतो, आणि राउटरच्या पलीकडे सेवा देणाऱ्या कंपनीने मात्र ती वाट पुरी बांधलेलीच नसते.

हा दोष कार्यालयातील इतरांच्या लक्षात येत नाही, याचेही कारण आहे. ब्राउझरांनी या दुखण्यावर आपल्यापुरता तोडगा काढला. २०१२ मध्ये त्याचे नियमपत्र निघाले आणि २०१७ मध्ये ते सुधारण्यात आले. ब्राउझर सहाव्या रस्त्याने हाक घालतो आणि सुमारे पाव सेकंदात उत्तर आले नाही तर तिची आशा न सोडता चौथ्या रस्त्यानेही हाक घालतो. जे उत्तर आधी येईल ते खरे. त्यामुळे टेबलावर बसून पाने वाचणाऱ्याला पूल वाहून गेल्याची वार्ताही लागत नाही. सर्व्हरवरील साध्यासुध्या कार्यक्रमांपाशी ही चतुराई पुष्कळदा नसते. ते आपले रांगेत उभे राहून एकेक पत्ता चाचपतात. म्हणूनच तक्रार सर्व्हरच्या व्यवस्थापकाकडून येते आणि बाकी सारे "आमचे तर व्यवस्थित चालते" असे सांगतात.

पूल कोठे वाहून जातो, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. पुष्कळ ठिकाणी तो वाहून जात नाही, माणसांनीच तोडलेला असतो. चौथ्या आवृत्तीच्या काळात फायरवॉलवर आयसीएमपी नावाचे सूचनासंदेश सरसकट अडवण्याची एक खोड पडली. त्यामुळे सर्व्हर परक्यांच्या नजरेआड राहतो, अशी समजूत होती. चौथीत हे बरेचसे खपून गेले. सहावीत खपत नाही. सहाव्या आवृत्तीत वाटेतील राउटर मोठ्या पाकिटाचे तुकडे करीत नाही. पाकीट पुढच्या वाटेत मावत नसेल तर तो ते टाकून देतो आणि धाडणाऱ्याला "पाकीट फार मोठे आहे" असा सूचनासंदेश पाठवतो. आकार कमी करणे हे धाडणाऱ्याचे काम. १,२८० बाइटांचे पाकीट मात्र प्रत्येक वाटेने गेलेच पाहिजे, असा दंडक आहे. आता हा सूचनासंदेशच फायरवॉलने अडवला तर धाडणाऱ्याला काहीच कळत नाही. तो तेच मोठे पाकीट पुन्हा पुन्हा धाडतो आणि ते पुन्हा पुन्हा टाकले जाते. याची खूण अशी की ओळखपाळख होते, लहान संदेश जातात येतात, आणि मोठी फाइल येऊ लागली की सारे गोठते. शेजारच्या यंत्राचा ठावठिकाणा विचारण्याचे कामही सहावीत याच सूचनासंदेशांतून होते. तेव्हा ते सर्वच्या सर्व अडवणारा आपल्या सर्व्हरचे कान आणि तोंड दोन्ही बांधून टाकतो.

दुसरा दोष नावावरून पत्ता शोधण्याच्या पायरीवर असतो आणि तो पहिल्याशी सहज गल्लत करण्याजोगा आहे. लिनक्सचे नेहमीचे ग्रंथालय, ग्लिबसी, चौथा आणि सहावा अशा दोन्ही पत्त्यांची विचारणा एकाच दमात करते. काही जुनी उपकरणे या जोडप्रश्नाने गोंधळतात, एकाचे उत्तर देतात आणि दुसरा गिळून बसतात. मग पाच सेकंदांची वाट पाहणी होते. विलंब पाच सेकंदांचा आहे की दोन मिनिटांचा, एवढे घड्याळ पाहून ठरवले तरी निदान निम्मे झाले. या दुसऱ्या दोषावर सहावी आवृत्ती बंद करण्याचे औषध लागू पडेलच असे नाही, कारण बोलणे थांबवले तरी कित्येक कार्यक्रमांचे विचारणे थांबत नाही. येथे नावशोधाच्या फाइलीत "एका वेळी एकच प्रश्न" अशी सूचना द्यावी लागते. २०२२ पासूनच्या ग्लिबसीत सहाव्याची विचारणाच न करण्याची सोयही आहे.

बंद करण्याच्या रीती दोन, आणि त्यांतील भेद न जाणल्यामुळे झालेली फजिती थोडी नाही. पहिली रीत सिस्कंटोलच्या मार्गाची. "डिसेबल-आयपीव्हीसिक्स" नावाच्या खुंटीवर एकाचा आकडा ठेवला की कर्नेल प्रत्येक कार्डावरील सहावे पत्ते आणि वाटा काढून घेतो. पुढे येणाऱ्या कार्डांसाठी निराळी खुंटी आहे, तीही हिच्याबरोबरच आपोआप फिरते. बोली शिकलेली राहते, बोलण्यास जागा राहत नाही. दुसरी रीत अधिक कठोर. यंत्र सुरू होतानाच कर्नेलला तसा हुकूम दिला की ती बोली त्याच्या लेखी अस्तित्वातच उरत नाही.

या कठोर रीतीचा परिणाम तत्काळ दिसत नाही आणि तिचा खरा धोका तोच. इंजिनएक्स हा वेबसर्व्हर डेबियन व उबुंटू यांवर बसवला म्हणजे त्याच्या तयार मांडणीत सहाव्या आवृत्तीवर कान देण्याची एक ओळ असते. व्यवस्थापक ती विसरलेला असतो. हुकूम लिहिला जातो, यंत्र काही आठवडे तसेच चालू राहते, आणि एखाद्या दिवशी वीज जाऊन ते पुन्हा सुरू होते तेव्हा इंजिनएक्स उठण्यास नकार देतो. त्रुटी क्रमांक ९७, पत्त्याचे हे कुळ ठाऊक नाही. ज्या संकेतस्थळाचे चौथ्या आवृत्तीवर उत्तम चालले होते तेही त्या एका ओळीपायी बंद. सौम्य रीतीत हा प्रसंग येत नाही, परंतु तेथे दुसरा येतो. यंत्राच्या स्वतःच्या नावासाठी पत्त्यांच्या वहीत चौथा आणि सहावा असे दोन्ही पत्ते लिहिलेले असतात. सहावा नाहीसा झाला तरी वहीतील नोंद राहते. टपाल वाहणारा पोस्टफिक्स ती नोंद वाचतो, तो पत्ता कोणत्याच कार्डावर सापडत नाही म्हणून कुरकुरतो आणि थांबतो. त्या विशिष्ट पत्त्यावर कान देऊ पाहणाऱ्या इतर कार्यक्रमांना त्रुटी क्रमांक ९९ मिळतो. सत्त्याण्णव दिसले की कठोर रीत, नव्याण्णव दिसले की सौम्य, एवढे ध्यानात ठेवले तरी शोधाचे काम हलके होते.

मग ती बंद करूच नये काय? असा हट्ट धरणारी मंडळीही आहेत आणि त्यांचेही सर्वच खरे नाही. बंद करण्याला एक सबळ कारण आहे, ते सुरक्षेचे. लिनक्सवर वर्षानुवर्षे चौथ्या आवृत्तीची फायरवॉल आणि सहाव्याची फायरवॉल ही दोन निराळी हत्यारे होती. पुढच्या दाराला चार कुलुपे आणि मागचे दार सताड उघडे, अशी अवस्था असलेले सर्व्हर काही थोडे नव्हते. डेटाबेसचा पोर्ट चौथ्यावर बंद केलेला, आणि सहाव्यावर साऱ्या जगाला खुला! नव्या एनएफटेबल्समध्ये दोन्हींचे नियम एकाच तक्त्यात लिहिता येतात आणि ही अडचण पुष्कळशी दूर झाली आहे; परंतु जुने सर्व्हर जुन्याच हत्यारांवर चालू आहेत. ज्या नेटवर्कवर सहाव्या आवृत्तीची कोणालाच गरज नाही आणि तिच्यावर नजर ठेवण्यास माणूसही नाही, तेथे ती बंद ठेवणे हा शहाणपणाचाच निर्णय होय. फक्त तो निर्णय असावा. विलंबाला कंटाळून मध्यरात्री केलेली सुटका नसावी.

याचे कारण आजच्या भारतात विशेष आहे. पत्त्यांची वाटणी झाली त्या काळात भारत उशिरा आला आणि लोकसंख्येच्या मानाने त्याच्या वाट्याला चौथे पत्ते फारच थोडे आले. दूरसंचार विभागाने २०१० च्या जुलैत सहाव्या आवृत्तीच्या प्रसाराचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला. परंतु खरा पालट झाला तो २०१६ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या जिओच्या मोबाइल सेवेने, कारण तिने आरंभापासूनच सहाव्या आवृत्तीचा आधार घेतला. आज भारतातील इंटरनेट वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक लोकांपाशी सहावा पत्ता आहे. या बाबतीत भारत जगातील आघाडीच्या देशांत मोडतो. इंदूर, बेळगाव किंवा मडगाव येथील ग्राहक मोबाइलवरून आपल्या पतपेढीचे पान उघडतो तेव्हा त्याचा सरळ रस्ता बहुधा सहावाच असतो.

सर्व्हरने तो रस्ता बंद केला तर ग्राहक अडून राहतो असे नाही. त्याची कंपनी त्याला आपल्या सामाईक चौथ्या पत्त्याच्या आडून पाठवते, जसे एका मोठ्या वाड्यातील सारे बिऱ्हाडकरू एकाच दिंडीदरवाजाने बाहेर पडतात. सर्व्हरला मग शेकडो माणसे एकाच पत्त्यावरून आलेली दिसतात. त्यांतील एखाद्याने गुप्तशब्द पुन्हा पुन्हा चुकवला किंवा मुद्दाम खोडी काढली, तर सर्व्हरचा पहारेकरी कार्यक्रम तो पत्ता तासभर बंद करतो. एकाच्या अपराधापायी दिंडीदरवाजालाच कुलूप लागते, आणि त्या तासात पैसे भरू पाहणाऱ्या शेकडो निरपराध माणसांना पान उघडत नाही. ते तक्रार करतात. व्यवस्थापक आपल्या जागेवरून पाहतो तर सर्व ठीक असते. सहाव्या रस्त्याने हीच माणसे आपापल्या पत्त्यांनी आली असती. चौथ्या पत्त्याला आता रोख किंमतही पडते. ॲमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरांवर १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक चौथ्या पत्त्याला ताशी अर्धा सेंट, म्हणजे वर्षाला सुमारे ४४ डॉलर, आकार बसतो.

तेव्हा मध्यरात्रीच्या त्या व्यवस्थापकाने काय करावे? सर्वांत लहान औषध आधी. डेबियन किंवा उबुंटूचा ॲप्ट तेवढा अडकत असेल तर त्यालाच चौथ्या रस्त्याने जाण्याची सूचना देता येते. इतरांना धक्का लागत नाही. अनेक कार्यक्रम अडकत असतील तर पत्त्यांचा अग्रक्रम ठरवणारी गाय-कॉन्फ नावाची फाइल आहे. चौथ्याला आधी मान देणारी ओळ डेबियन व उबुंटू यांच्या त्या फाइलीत टिपेच्या रूपात आधीच लिहिलेली असते; तिच्यापुढील चिन्ह पुसले की तिचा अंमल सुरू होतो. सहावी आवृत्ती शाबूत राहते आणि फक्त रांगेत मागे जाते. एवढ्याने रात्र निभते. सकाळी सहाव्या रस्त्याने एक लहान आणि एक पूर्ण आकाराचे पिंग पाठवून पाहावे. दोन्ही गेली नाहीत तर राउटरची दवंडी खोटी आहे आणि ती राउटरवरच थांबवावी. लहान गेले आणि मोठे हरवले तर फायरवॉलमधील आयसीएमपीचे नियम काढून पाहावेत.

एवढ्यावरही बंदच करावयाचे ठरले, तर क्रम महत्त्वाचा. सर्व्हरच्या नावाखाली सहाव्या पत्त्याची जाहीर नोंद असेल तर प्रथम ती काढावी, आणि जगभरच्या नावनोंदींत राहिलेल्या तिच्या जुन्या प्रती मुदत संपून विरेपर्यंत थांबावे. नाहीतर पाहुणे विटांनी बुजवलेल्या दारावर येऊन उभे राहतात. मग इंजिनएक्स, पोस्टफिक्स, एसएसएच यांच्या मांडणीतील सहाव्याच्या ओळी एकेक करून काढाव्यात आणि त्यानंतर कर्नेलची खुंटी फिरवावी. नेटवर्क सांभाळणाऱ्या कार्यक्रमालाही तीच सूचना द्यावी. शेवटी दिवसाउजेडी, माणसे हजर असताना, यंत्र एकदा मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करावे. आणि ज्या फाइलीत ती ओळ लिहिली तेथेच तिच्यावर, टिपेचे चिन्ह घालून, तारीख आणि कारण लिहून ठेवावे; कारण दोन वर्षांनी त्या खुर्चीवर बहुधा दुसराच कोणी बसलेला असतो, आणि सहावा रस्ता का बंद आहे हे त्याला सांगणारे तेथे दुसरे कोणी नसते.